ज्योतीरामकाकांनी न पेटवलेला बर्नर

ज्योतीराम सुरवसे पहिल्यांदा आमच्या कंपनीत आले, तेव्हा त्यांनी ना रामराम केला, ना पाणी घेतलं. भट्टीच्या मागच्या खोलीत शिरले आणि तिथूनच ओरडले, “ही खिडकी कुठल्या शहाण्यानं बुजवली?”

खिडकी मी बुजवून घेतली होती. हुकूम मालकांचा, पण पत्रा मारताना समोर उभा मी होतो.

“बर्नरला हवा लागते. माणसाला लागते तशीच. खोली बंद केली तर तो श्वास कुठून घेणार? तुमच्या नाकातून?”

पन्नाशी ओलांडलेला, काटकुळा माणूस. खाकी शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक छोटा टॉर्च. डाव्या भुवईच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. मूळ गाव परांड्याकडचं, पण तीस वर्षांपासून तळेगाव दाभाड्यात. तिथून स्कूटरवर ते सगळा चाकण-भोसरीचा पट्टा पालथा घालत, आणि जिथे जिथे डिझेलवर चालणारा बर्नर असेल तिथे लोकांना झापत फिरत.

आमची कंपनी म्हणजे निघोजेच्या बाजूला एका गटात उभी असलेली पत्र्याची शेड. लोखंडी ब्रॅकेटवर रंगाची पावडर मारायची आणि ते भट्टीत भाजून काढायचे, हे आमचं काम. मी शेखर, तिथला सुपरवायझर. मालक दिग्विजयशेठ माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, शेड त्यांच्या घरच्याच जमिनीवर. आधीची भट्टी विजेवर चालायची आणि बिल बघून शेठचं तोंड कडू व्हायचं. गॅसची पाइपलाइन पलीकडच्या रस्त्यापर्यंत येऊन थांबलेली. मग शेठनी बंद पडलेल्या एका कारखान्यातून डिझेलचा जुना बर्नर उचलून आणला, आणि ज्या डीलरकडून त्याचे सुटे भाग घेतले, त्या डीलरने तो बसवून, तपासून, पेटवून द्यायला ज्योतीरामकाकांना पाठवलं.

त्या दिवशी काकांनी दोन तास सगळं बघितलं. बघताना त्यांची बडबड सुरूच होती. धुराडं छपराच्या कडेखालीच संपवलं होतं, त्यावर ते चिडले. “धूर वर जायचा की परत खोलीत यायचा?” डिझेलची टाकी बर्नरच्या डोक्यावर ठेवली होती आणि मध्ये तेल बंद करायची तोटीच नव्हती, त्यावर चिडले. मेन स्विच बर्नरच्या पलीकडे, भिंतीला. “आग लागली तर आगीतून उडी मारून स्विच बंद करणार का तुम्ही? दाराबाहेर पाहिजे तो.” शेवटी डुप्लिकेट कागदाच्या वहीत त्यांनी पाच गोष्टी लिहिल्या, खाली जाड अक्षरात लिहिलं, ‘हे झाल्याशिवाय बर्नर चालू करू नये’, आणि पान फाडून माझ्या हातात दिलं.

“परवा सकाळी येतो. तोवर कुणी हात लावायचा नाही. समजलं?”

मी तो कागद शेठच्या टेबलावर ठेवला. शेठनी वाचला आणि त्यावर चहाचा कप ठेवला.

“म्हातारा घाबरवतोय रे. याचं पोटच त्याच्यावर चालतं.”

त्याच परवाच्या दिवशी दुपारी एका मोठ्या कंपनीच्या क्वालिटी खात्याच्या पूनम मॅडम नवी भट्टी बघायला येणार होत्या. त्यांनी होकार दिला की वर्षभराचं काम आमचं. त्यामुळे शेठना कागदावरच्या पाच गोष्टींसाठी वेळ नव्हता. त्यांनी आमच्याच इलेक्ट्रिशियनकडून वायरी जोडून घेतल्या आणि टाकीत डिझेल ओतलं.

भेटीच्या दिवशी सकाळी नऊला शेठ मला म्हणाले, “शेखर, चालू करून टाक. मॅडम बाराला येतील, तोवर भट्टी तापली पाहिजे.”

“काका दहाला येतायत शेठ.”

“काकांची वाट बघत बसू का? बटण दाबायलाही इंजिनीअर लागतो?”

मी बटण दाबलं. हे आता लिहितानाही मला चीड येते. कुणी माझा हात धरून दाबलं नव्हतं.

पंखा सुरू झाला. अर्ध्या मिनिटाने ठिणगीचा टकटक आवाज आला, तेल फवारल्याचा फसफस आवाज आला, आणि दहा सेकंदांनी सगळं बंद. कंट्रोलरवर लाल दिवा. ज्योत दिसली नाही की यंत्र स्वतःच तेल बंद करतं आणि लाल दिवा लावतं, एवढं मला ठाऊक होतं. लाल दिव्याचंच बटण असतं, ते दाबलं की परत पहिल्यापासून सुरू. मी दाबलं. परत तेच. परत दाबलं. दर वेळी ठिणगीचा आवाज येत होता, म्हणून दर वेळी वाटायचं, या खेपेला पेटेल. शेठ फोनवर बोलत येरझाऱ्या घालत होते आणि बोटाने मला खुणावत होते, दाब, दाब.

भट्टीच्या दारासमोर सहा बायका ब्रॅकेट हुकांना अडकवत होत्या. त्यांच्यात सगळ्यात जुन्या चतुराबाई, वाशिमकडच्या. त्या एकदा म्हणाल्या, “साहेब, लई वास येऊ लागला रॉकेलवानी.” मी म्हणालो, “नवीन आहे, येणारच.”

दहा वाजता काका आले. दारातूनच त्यांनी नाक वर केलं. मला वाटलं आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. सरळ आत गेले, मेन स्विच पाडला, टॉर्च काढला आणि भट्टीच्या पोटातल्या लोखंडी चेंबरची छोटी झडप उघडून आत बघितलं. मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं,

“किती वेळा दाबलं?”

“दोन-तीनदा.”

त्यांनी एका सळईला फडकं गुंडाळलं, चेंबरच्या तळाला फिरवलं आणि बाहेर काढलं. फडक्यातून डिझेल पातळ धारेनं गळत होतं. त्यांनी ते बादलीत पिळलं. परत घातलं, परत पिळलं.

“दोन-तीनदात एवढं साचत नाही. परत विचारतो. किती वेळा?”

“नऊ,” मी म्हणालो.

“नऊ वेळा न जळलेलं तेल आत फवारलंस. दहाव्यांदा पेटलं असतं ना, तर हे सगळं एकदम पेटलं असतं. ज्योत नव्हती होणार, स्फोट होणार होता. दार कुठं उडालं असतं माहितीय?” त्यांनी टॉर्चचा झोत भट्टीच्या दाराकडे फिरवला. दारासमोर चतुराबाई हातात ब्रॅकेट घेऊन उभ्या होत्या.

तेवढ्यात शेठ आत आले. “आलात? बरं झालं मामा. काय अडकलंय बघा आणि पटकन पेटवून द्या. दोन तासांत पार्टी येतीय.”

“पेटवत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे पेटवत नाही. चेंबर पुसायचा, दोन दिवस उघडा ठेवून वास जाऊ द्यायचा. खिडकी उघडायची. धुराडं वाढवायचं. टाकी खाली घ्यायची. इलेक्ट्रोड बदलायचे, त्यांच्या चिनी मातीला तडा गेलाय, ठिणगी भलतीकडंच पडतीय. बाकीचं कागदावर लिहून दिलं होतं मी. कुठाय तो कागद?”

“मामा, तुमचं काम पेटवायचं आहे. माझी कंपनी कशी चालवायची ते शिकवू नका.”

“तुमची कंपनी तुम्ही खड्ड्यात घाला. ह्या बाया तुमच्या मालकीच्या न्हाईत.”

शेठ लाल झाले. “ठीक आहे. आम्ही पेटवतो. शेखर, चल.”

मी हललो नाही. हे धाडस नव्हतं, भीती होती. शेठनी मला ढकललं आणि स्वतः स्विचकडे निघाले. तेवढ्यात काकांनी स्क्रूड्रायव्हर काढला. कंट्रोलर म्हणजे बर्नरच्या अंगावर एका स्क्रूने बसवलेला मुठीएवढा डबा. तो असेल तरच बर्नर चालतो. काकांनी तो स्क्रू सोडवला, डबा उपसून काढला, खाकी शर्टाच्या आत टाकला आणि वरचं बटण लावलं.

“आता पेटवा,” ते म्हणाले आणि चालू लागले.

गेटच्या आत सिमेंटच्या ठोकळ्यावर ते जाऊन बसले. शेठ मागोमाग गेले. शिव्या दिल्या, डीलरला फोन लावला, मग चौकीला फोन लावला. “माझा माल चोरलाय, माणूस इथंच बसलाय,” असं सांगताना त्यांचा आवाज फाटत होता. काका शांत बसले नव्हते. तेही तितक्याच आवाजात उत्तरं देत होते. शेजारच्या शेडमधली माणसं कुंपणाशी गोळा झाली.

चतुराबाई माझ्याजवळ आल्या. “साहेब, ते बाबा म्हनत्यात ते खरं हाय का? दार आमच्याच अंगावर आलं असतं?”

“हो.”

“अन् तुमी मगाशी मला म्हनला, नवीन हाय, वास येनारच.”

त्यांनी हातातलं ब्रॅकेट माझ्या पायापाशी टाकलं. मुद्दाम टाकलं, आवाज व्हावा म्हणून. मग बाकीच्या पाच जणींना म्हणाल्या, “चला गं भाएर.” सहाही जणी हातमोजे काढून गेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. शेठ त्यांच्यावरही धावून गेले, तर चतुराबाई म्हणाल्या, “दादा, तुमी तिथं दारासमोर खुर्ची टाकून बसा. मंग आमी येतो.”

अकराच्या सुमारास मोटारसायकलवर एक हवालदार आले. उन्हाने वैतागलेले. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं. शेठ म्हणाले, चोरी. काकांनी शर्टाचं बटण उघडलं आणि डबा हवालदारांच्या हातात ठेवला.

“घ्या. मला नको. ज्याचा आहे त्याला द्या. पण देताना एक कागद करा साहेब.” त्यांनी तीच वही काढली आणि उभ्या उभ्या मांडीवर धरून लिहायला लागले. लिहिलेलं मोठ्याने वाचलं. “आज रोजी बर्नरच्या चेंबरमध्ये न जळलेलं डिझेल साचलेलं आहे. तो साफ न करता पेटवल्यास भट्टी फुटून माणसं भाजतील, हे मला समजावून सांगितलं आहे. तरी मी माझ्या जबाबदारीवर पेटवतो आहे. खाली मालकांची सही.”

हवालदारांनी बादलीतलं तेल बघितलं, फडकं हुंगलं. त्यांना यात फार पडायचं नव्हतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. पण कागद म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. “हे चांगलंय. करा सही शेठ, डबा घ्या, मी मोकळा.”

शेठनी पेन हातात घेतलं. कागद दोनदा वाचला. ‘माणसं भाजतील’ या शब्दांवर त्यांचं बोट थांबलं.

“हे असं कशाला लिहायचं? नुसतं लिहा की डबा मिळाला.”

“जे आहे ते लिहिलंय,” काका म्हणाले. “मला खोटं पाडायचं असंल तर करा सही. आत्ता पेटवून दाखवा, मी हात जोडून माफी मागतो.”

शेठचं पेन कागदाच्या वरच राहिलं. आम्ही सगळे बघत होतो. हवालदार, कुंपणापलीकडची माणसं, सहा बायका. माझ्या मनात त्या क्षणी जो संताप उसळला, तसा आयुष्यात कधी उसळला नव्हता. सकाळपासून हा माणूस मला बोटाने खुणावत होता, दाब, दाब. माझ्या हाताने सहा बायका जाळायला त्याला काही वाटलं नाही, आणि आता स्वतःचं नाव लिहायची वेळ आल्यावर पेन टेकत नव्हतं!

“शेठ, सही करा ना,” मी म्हणालो. “मी नऊ वेळा दाबलं तुमच्या सांगण्यावरून. तुम्ही एकदा सही करा.”

शेठनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की नोकरी गेली हे मला कळलं. त्यांनी पेन झाकलं. डबा घेतला नाही, सही केली नाही. ऑफिसात जाऊन दार आपटलं. हवालदार थोडा वेळ डबा हातात घेऊन उभे राहिले, मग तो माझ्याकडे देऊन, “सांभाळा, भांडू नका,” म्हणून निघून गेले.

बाराला पूनम मॅडम आल्या. त्यांनी बायकांना गेटवर उभं बघितलं आणि काय झालं ते विचारलं. शेठ बाहेर येऊन म्हणाले, लाइट गेलीय. काकांनी तिथल्या तिथे सांगितलं, “लाइट आहे. अक्कल गेलीय.” मॅडमनी बादली बघितली, वहीत टिपलं आणि पंधरा दिवसांनी येते, असं सांगून गाडीत बसल्या. काम हातचं गेलं नाही, पण लगेच मिळालंही नाही.

दुपारी आम्ही दोघांनी चेंबर पुसला. काका आत हात घालून फडकं फिरवत होते, मी पिळत होतो. मग मी न विचारताच म्हणाले, “ही भुवई बघतोस ना. भोसरीत गेली. बटण मीच दाबलं होतं. मालक म्हणाला, एकदा आणखी बघा, सुरवसे. मी म्हणालो, बरं. मला ठाऊक होतं सगळं. तुला ठाऊक नव्हतं, मला होतं.”

“कुणाला लागलं?”

“गोजाबाई म्हणून होत्या, पॅकिंगला. एक डोळा गेला. मी भेटायला गेलो तर मला म्हणाल्या, चहा घेणार का. चहा!” त्यांनी फडकं बादलीत आपटलं. “शिव्या द्यायच्या होत्या त्यांनी. चप्पल मारायची होती. मी काय करू तो चहा पिऊन?”

मी फडकं पिळत राहिलो.

मला वाटलं होतं शेठ दुसरा कुणी आणून बर्नर पेटवून घेतील. पण बायका परत आत यायला तयार नव्हत्या आणि मॅडमच्या वहीत नोंद झाली होती. चार दिवसांत खिडकी उघडली गेली आणि तिला जाळी बसली. धुराडं छपराच्या वर दोन मीटर चढलं. टाकी भिंतीपलीकडे गेली, तोटी बसली, स्विच दाराबाहेर आला. काकांनी नवे इलेक्ट्रोड आणि तेल फवारणारा नवा नोझल घातला. पंपाचा दाब मीटर लावून बघितला. प्रत्येक जोडावर बोट फिरवून बघितलं, तेल झिरपत नाही ना.

पेटवायच्या दिवशी त्यांनी सगळ्यांना शेडबाहेर काढलं आणि भट्टीचं दार उघडं ठेवलं. पंखा पूर्ण वेळ फिरू दिला, आतली हवा बदलेपर्यंत. मग टकटक झाली, फसफस झाली आणि काचेच्या भोकातून पिवळी ज्योत दिसली. ते खूश झाले नाहीत. धुराड्याच्या भोकात नळी घालून त्यांनी पांढऱ्या कागदावर धुराचा डाग काढला, तो काळा आला म्हणून हवा वाढवली, परत काढला, फिका होईपर्यंत हेच. मग चालत्या बर्नरचा ज्योत बघणारा डोळा त्यांनी उपसून मुठीत झाकला. क्षणात तेल बंद, लाल दिवा. “हे असं व्हायलाच पाहिजे,” ते मला म्हणाले. “दर महिन्याला करून बघायचं. लाल दिवा एकदा लागला तर एकदाच बटण दाबायचं. दुसऱ्यांदा लागला तर हात मागं बांधायचे आणि मला बोलवायचं.”

मॅडम आल्या आणि काम मिळालं. माझी नोकरी गेली नाही. शेठना दुसरा सुपरवायझर त्या घाईत मिळाला नसता. पण त्यांनी डीलरकडे लेखी तक्रार केली, की तुमच्या माणसाने माल पळवला आणि पार्टीसमोर बदनामी केली. डीलरने काकांना काम देणं थांबवलं. अठरा वर्षं त्यांच्यासाठी फिरलेला माणूस, फोनवर दोन मिनिटांत बाजूला केला.

हे कळल्यावर मी डीलरला पत्र लिहिलं. सगळं लिहिलं, नऊ वेळासुद्धा. त्यांनी उत्तर दिलं नाही. मी ते काकांना सांगितलं तर ते माझ्यावरच भडकले. “मला विचारलं होतंस का? मी काय रडत बसलोय का त्यांच्या दारात?” आणि फोन ठेवून दिला.

चतुराबाई अजून आमच्याकडेच आहेत. कामाचं तेवढं बोलतात. पूर्वी डब्यातली भाकरी पुढे करायच्या, ते त्यांनी बंद केलं.

मागच्या महिन्यात तळेगावात काकांच्या घरी गेलो होतो. ते नव्हते. त्यांच्या पत्नी इंद्रायणीबाई दारात गवार निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “बेकरीवाल्याकडं गेलेत. आता बेकऱ्यांचे बर्नर बघतात. कालच्याला एका बेकरीवाल्यानं धुराड्यात घरटं तसंच ठेवून भट्टी पेटवली म्हणं, धूर सगळा आतच कोंडला. रात्रभर घरात फेऱ्या मारत होते, झोपले न्हाईत. मी म्हटलं, अहो, जाऊ द्या. तर माझ्याच अंगावर आले, जाऊ द्या म्हंजे काय?”

मी तासभर थांबलो. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर वळताना दिसली, आणि ती दारात येण्याआधीच काकांचा आवाज आला. फोन कानाला होता आणि ते पलीकडच्या कुणाला तरी विचारत होते, “तुझी लेकरं त्याच दुकानाच्या माळ्यावर झोपतात ना? मग?”